आईनं टाकलेली नावं

सावली गावातल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात, कुकरच्या रांगेच्या वर, भावाने एक फोटो लावला आहे. फोटो रंगीत आहे, पण रंग आता उडत चालले आहेत. लाल होतं ते विटकरी झालं, हिरवं होतं ते मातकट. फोटो आमच्या जुन्या घराच्या आंगणातला आहे. मागे कुडाची भिंत, भिंतीवर चढलेला दोडक्याचा वेल. एका टोकाला बाबा उभे आहेत, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, आणि चेहरा असा की जणू मास्तरांनी वर्गात उभं केलंय. त्यांच्या शेजारी त्यांचे कास्तकार मित्र, टोपी काढून हातात धरलेले. मी चौदा वर्षांची, दोन वेण्या, कडेवर धाकटा भाऊ. तो रडतो आहे, कारण फोटोग्राफरचा मोठा काळा कॅमेरा त्याला आवडला नव्हता. मधोमध दोन खुर्च्या. एकीवर एक म्हातारी, दुसरीवर माझी आई. भोवताली पाच बायका, त्यातली एक नवी नवरी.

आणि प्रत्येक बाईने हातात एक भांडं धरलं आहे. कोणी गडवा म्हणजे तांब्या, कोणी ताट, कोणी चरवी. भांड्यावर टाकलेलं नाव दिसावं म्हणून प्रत्येकीने ते अगदी छातीसमोर आणलंय. पण फ्लॅश पडला आणि सगळी नावं चकाकली. फोटोत नुसते पांढरे ठिपके आले.

गिऱ्हाईक भावाला विचारतात, "ह्या साऱ्या तुमच्या घरच्या का जी?"

भाऊ म्हणतो, "हाव, घरच्याच." आणि कुकरची शिट्टी दाखवायला लागतो. त्याचं बरोबर आहे. तो कडेवर होता, त्याला काय आठवणार! मला सगळं आठवतं. मी गडचिरोलीला शाळेत शिकवते, सुट्ट्यांत सावलीला येते, आणि दुकानात बसले की त्या फोटोखालीच बसते.

आमचं घर बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा बाबा अगदी लहान होते. आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान रोवलं आणि कापलं. बाबा सातवी शिकले आणि मोठे झाल्यावर एका भांडेवाल्याकडे कामाला लागले. सायकलला भांडी बांधून आठवडी बाजार करायचे. आज व्याहाड, उद्या मूल, परवा नदी ओलांडून चामोर्शी. मागच्या कॅरिअरवर गंज म्हणजे पातेली, कोपरं म्हणजे पराती, आणि डबे यांचा एवढा ढीग असायचा की पुढून बाबा दिसत आणि मागून फक्त भांडी चाललेली दिसत. अशी बारा वर्षं काढली, आणि मग एक दिवस त्यांनी घरी येऊन सांगितलं की बाजारओळीत एक खोली भाड्याने मिळते आहे, मी स्वतःचं दुकान टाकतो.

आमच्या वस्तीत नोकरीवाले होते. शिक्षक होते, माजरीच्या कोळसा खाणीत कामाला गेलेले होते, एक पोस्टात होता. पण बाजारओळीत दुकान कोणाचंच नव्हतं. मोठे मामा समजावायला आले.

"टाकाचंच हाये त कपड्याचं टाका ना, जावईबापू. भांड्याचं कायले? जे लोक आपल्या हातचं पाणी पेत नाईत, ते आपल्या हातचं भांडं घेतीन काय?"

बाबा म्हणाले, "मले भांडंच समजते, भाऊ. बोटानं वाजवलं की सांगतो कसं हाये ते. कपड्यातलं मले काय समजते?"

एवढंच त्यांचं उत्तर होतं. बाबांना मोठं काही करून दाखवायचं होतं असं मला वाटत नाही. त्यांना भांडी आवडत होती.

दुकानात आईचं काम होतं नाव टाकायचं. आता आमच्याकडे विजेचं यंत्र आहे, पेन धरावा तसं धरलं की घर्रकन नाव उमटतं. तेव्हा छिन्नी आणि लहान हातोडी असायची. टिंबाला टिंब जोडून अक्षर करायचं. आईचं अक्षर शाळेपासून सुंदर होतं. सातवीत असताना फळ्यावरचा सुविचार रोज तिलाच लिहायला लावत, असं ती सांगायची. बाबांनी नागपूरहून छिन्नी आणून दिली तेव्हा तिने आधी तेलाच्या रिकाम्या पिप्यावर सगळी बाराखडी ठोकली. 'ज्ञ' काढताना पत्रा फुटला. दुसऱ्यांदा काढला तेव्हा फुटला नाही. मग तिने बाबांना सांगितलं, "आणा भांडं."

नाव टाकताना ती श्वास रोखायची. एक अक्षर झालं की श्वास सोडायची आणि अंगठ्याने पुसायची. शेवटी दिव्याची काजळी चोळायची, म्हणजे अक्षर उठून दिसायचं. मी नववीत होते आणि मला त्या टकटकीचा राग यायचा. भूगोल वाचायला बसलं की आंगणातून टक टक टक. मी दार लावून घ्यायची.

दुकान उघडलं त्याच महिन्यात गावातल्या एका मोठ्या घरची बाई आली. तिने स्टीलचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, घेतला, त्यावर नवऱ्याचं नाव टाकून मागितलं. आईने टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरचा माणूस गुंड परत घेऊन आला.

"पाण्याचं भांडं हाये म्हणून बाईनं वापस केलं," तो म्हणाला. त्याला स्वतःलाच लाज वाटत होती. तो गुंड ठेवून वर न पाहता निघून गेला.

नाव पडलेलं भांडं दुसऱ्याला विकता येत नाही. बाबांनी तो गुंड घरी आणला आणि आमच्या घरात त्या परक्या माणसाच्या नावाच्या गुंडात पाणी भरलं जाऊ लागलं. मी नावाची बाजू भिंतीकडे करून ठेवायची. आई पाणी भरताना ती परत पुढे करायची. "अक्षर चांगलं आलं हाये. कायले लपवतं?" म्हणायची.

पुढचे चार-पाच महिने असेच गेले. वस्तीतले लोक यायचे. बाबांना बाजारात ओळखणारे खेड्यातले लोक यायचे, एखादी वाटी, एखादा डबा न्यायचे. पण भांड्यांचं दुकान चालतं लग्नाच्या आंदणावर, आणि आंदण घ्यायला लोक जुन्या दुकानांतच जात. आमच्या दुकानासमोरून जाताना नवरीमुलीच्या आया आत नजर टाकत आणि पुढे सरकत.

बाबांचे एक मित्र होते. फोटोत टोपी हातात घेतलेले आहेत ते. सावलीपासून दोन कोसांवर त्यांचं गाव, घरची धानाची शेती, जातीने कुणबी. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. उन्हाळा लागला आणि एका बाजाराच्या दिवशी ते बैलबंडी घेऊन दुकानासमोर उभे राहिले. बंडीत त्यांची बायको आणि मुलगी.

"पोरीचं लगन हाये," ते बाबांना म्हणाले. "आंदण काढ."

बाबांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग व्याह्यांची आठवण काढत हळूच म्हणाले, "इवायाले विचारलं काय?"

"आंदण मी देऊन राह्यलो का इवाई?"

"तरी पन विचार गा."

"तू भांडे काढतं का मी समोरच्या दुकानात जाऊ?"

बाबांनी भांडी काढली. दुकानातलं जवळजवळ सगळंच काढलं. मुलगी माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, सावळी, उंच, दहावी शिकलेली. ती सगळी दुपार दुकानात बसली. प्रत्येक भांडं हातात घेऊन उलटं करून पाहायची. गंज नको, हा काठ बोटाले लागते. ही चरवी चालन. बाबा खूश. असं गिऱ्हाईक त्यांना कधी मिळालं नव्हतं.

शेवटी आईने छिन्नी घेतली आणि विचारलं, "नाव कोणाचं टाकू? बापाचं का नवरदेवाचं?"

आंदणाच्या भांड्यांवर ही दोनच नावं असायची. देणाऱ्याचं, नाहीतर घेणाऱ्याचं.

मुलगी म्हणाली, "माझं टाका, काकू."

आई थांबली. "तुझं?"

"भांडे माझे हायेत ना?"

"सासरी गेल्यावर नाव बदलवतीन ते तुझं. मंग?"

"म्हणूनच त म्हणून राह्यली. भांड्यावर असलं की राह्यते."

तिची आई म्हणाली, "काहीतरीच बोलते पोट्टी!" आणि नवऱ्याकडे पाहिलं. बाबांच्या मित्राने डोकं खाजवलं आणि हसून म्हणाले, "टाका वहिनी. पोरीचं हाये त पोरीचं."

आईने त्या रात्री जेवताना बाबांना सांगितलं की इतक्या भांड्यांवर आजवर नावं टाकली, पण बाईचं नाव कधी टाकलं नव्हतं. स्वतःच्या भांड्यांवरही नाही. आमच्या घरी होतं नव्हतं ते सगळं बाबांच्या नावाचं, आणि तो एक गुंड परक्या माणसाच्या नावाचा.

सात-आठ दिवस टकटक चालू होती. भांडी अर्ध्याच्या वर झाली होती, आणि लग्नाला चार दिवस उरले असताना बाबांचे मित्र परत आले. ह्या वेळी बंडीत फक्त मुलगी होती. ते आंगणात खाटेवर बसले. आईने चहा दिला, तो घेतला, पण प्यायले नाहीत. लग्न जमवणारा मधला माणूस नदीपलीकडून, चामोर्शीच्या बाजूच्या एका गावातून, निरोप घेऊन आला होता. तिकडे कळलं होतं भांडी कोणाच्या दुकानातून येणार ते. नवरदेवाची आजी घरात सर्वांत मोठी, तिचा शब्द चालतो, आणि ती म्हणते की पाण्याची आणि चुलीची भांडी त्या दुकानातली आमच्या घरात यायची नाहीत. दुसरीकडून घ्या.

बाबा लगेच म्हणाले, "घे दुसरीकडून. मले वाईट नाई वाटनार. पोरीच्या सुखाचा सवाल हाये."

बाबांना वाईट वाटलं होतं. ते खाटेची सुतळी बोटाने उसवत होते.

मुलगी उभी होती, दोडक्याच्या वेलाजवळ. ती म्हणाली, "बाबा, मी सांगू काय?"

"सांग."

"भांडे नाई गेले त मी बी नाई जात."

तिच्या वडिलांनी कप खाली ठेवला. "असं नाई बोलावं, बाई. पत्रिका वाटल्या."

"वाटल्या त वाटल्या. माझं नाव त्या भांड्यावर पडलं. ते भांडे त्यांच्या घरात चालत नाई, त मी कशी चालन? काकूनं सात दिवस घालवले. आता हे भांडे कोणाले देता? दुसऱ्या कोण्या बाईच्या घरी माझं नाव पाठवता?"

तिचा आवाज चढला नव्हता. भांडं उलटं करून पाहताना जसं बोलायची तसंच बोलत होती. मी दाराच्या आतून ऐकत होते. मला वाटलं तिचे वडील आता रागावतील. ते उठले, आईकडे गेले आणि म्हणाले, "वहिनी, किती राह्यले?"

"चार दिवसाचं काम हाये."

"करा पुरे." आणि मुलीला म्हणाले, "चाल. मधल्या मानसाले जे सांगाचं ते तूच सांग. मी संग उभा राहतो."

तिने सांगितलं. नदीपलीकडून उत्तर आलं नाही. ना हो, ना नाही. लग्नाच्या दिवसापर्यंत वरात येते की नाही हेच कोणाला माहीत नव्हतं.

आई शेवटच्या वाटीवर नाव टाकून उठली ती लग्नाच्या दिवशी सकाळी. मी त्या चार दिवसांत दार लावलं नव्हतं. भांडी गवतात बांधून बंडीवर रचली. आईने छिन्नी-हातोडीही पिशवीत टाकली. एखादं अक्षर वाटेत घासलं तर दुरुस्त करावं म्हणून. आम्ही सगळे बंडीमागून बाबांच्या मित्राच्या गावापर्यंत चालत गेलो. ऊन तापायला लागलं होतं. बाबा पुन्हा पुन्हा बंडीवरची दोरी ओढून पाहत होते.

मांडवात भांडी मांडली. आंदण मांडायची आमच्याकडे रीतच आहे, सगळ्यांनी पाहावं म्हणून. गंज, कोपर, गुंड, ताटं, वाट्या, सगळं चटईवर चढत्या क्रमाने. गावातल्या बायका येऊन पाहत होत्या आणि आपसात कुजबुजत होत्या. मग पोरं ओरडत आली, वरात आली, वरात आली. उन्हाळ्याची नदी, गुडघाभर पाणी. सात-आठ बंड्या वाळूतून उतरून आल्या होत्या.

पहिल्याच बंडीत आजी होती. बारकी, ताठ, कपाळावर मोठं गोंदण. तिच्या हातात पितळेचा एक गडवा. त्या काळी काही जुनी माणसं परगावी जाताना आपलं पाणी आपल्या भांड्यातच नेत. दुसऱ्याच्या घरचं, कोणाच्या हातचं, कोण जाणे, म्हणून. ती उतरली, कोणाशी बोलली नाही, आणि सरळ भांड्यांच्या चटईकडे गेली. बाबांनी माझा हात धरला.

आजी खाली बसली. एक ताट उचललं. अंगठा फिरवत फिरवत अक्षरांवर आली आणि थांबली. तिला वाचता येत नव्हतं. मी तिच्या सर्वांत जवळ उभी होते. तिने मला विचारलं, "काय लिवलं हाये वो?"

मी नवरीचं नाव वाचलं.

"आन इथी?" तिने गंज दाखवला.

मी तेच नाव वाचलं.

"आन नवरदेवाचं कुठी हाये?"

"नाई जी," मी म्हटलं. "साऱ्यावर तिचंच हाये."

"बाईचं नाव?" ती म्हणाली. "साऱ्यावर?"

"हाव."

तिने आणखी तीन-चार भांडी उचलली आणि प्रत्येकावर अंगठा फिरवला. मागे तिचा मुलगा, म्हणजे नवरदेवाचा बाप, अस्वस्थ उभा होता. तो म्हणाला, "माय, उठ. काय करतं?" तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "कोणं लिवलं हे?"

मी आईकडे बोट केलं. आई मांडवाच्या खांबाजवळ उभी होती, पिशवी पोटाशी धरून.

आजी म्हणाली, "इकडे ये वो बाई."

आई गेली. तिच्यासमोर बसली. आजीने एक वाटी तिच्यापुढे धरली आणि म्हणाली, "माझं नाव कसं दिसते?"

"सांगा तुमचं नाव, आजी. दाखवते."

ह्यावर जे झालं ते मी कधी विसरणार नाही. आजीला पटकन सांगता येईना. ती नाव विसरली नव्हती, पण ते तोंडाने उच्चारायची तिला सवय राहिली नव्हती. कोणाची तरी सून, मग बायको, मग माय, मग आजी. तिने आजूबाजूला पाहिलं, आईच्या कानाशी वाकली आणि पुटपुटली. आईने मान हलवली. पिशवीतून छिन्नी काढली.

"कायच्यावर टाकू?"

आजीने हातातला पितळेचा गडवा पुढे केला.

गडव्यात पाणी होतं, नदीपलीकडच्या तिच्या विहिरीचं. त्याच्यासकट ठोकता येत नाही. आईने तिच्याकडे पाहिलं. आजीने स्वतःच तो मांडवाच्या कडेला उपडा केला आणि आईच्या हातात दिला.

मांडवात तीन-चारशे माणसं असतील. बँडवाला थांबला होता. भटजी थांबले होते. फक्त टक टक टक ऐकू येत होतं. नववीच्या भूगोलाच्या आड येणारी तीच टकटक, आणि त्या दिवशी मला वाटत होतं ती थांबूच नये. आई श्वास रोखायची, सोडायची, अंगठ्याने पुसायची. काजळी नव्हती, म्हणून नवरीच्या आईने चुलीतल्या कोळशाची भुकटी आणून दिली. ती चोळली आणि पितळेवर नाव काळंभोर उठून आलं.

"हे पाहा, आजी. इथून सुरू होते. हे पहिलं अक्षर."

आजीने अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग ती हसली. तिला दोनच दात होते. तिने गडवा आईसमोर धरला आणि म्हणाली, "आता पानी भर ह्याच्यात. तहान लागली."

आई उठली, पिंपाजवळ गेली, गडवा भरून आणला. आजीने वरून धार न धरता गडवा तोंडाला लावला आणि सगळ्यांसमोर ती पाणी प्यायली. तोंड पुसलं आणि मुलाला म्हणाली, "उभा काऊन हाये? लगन लावा. पोरगी खोळंबली."

बाबा मांडवाच्या मागे गेले. मी त्यांच्यामागे गेले तर ते बैलांच्या पाठीवर हात फिरवत उभे होते आणि डोळे पुसत होते. मला पाहून म्हणाले, "धूळ लय हाये वो इथी."

लग्नानंतर महिनाभराने, पाऊस लागायच्या आत, आमच्या दारात दोन बंड्या थांबल्या. आजी, नवी नवरी, आणि त्यांच्या गावच्या चार बायका. प्रत्येकीच्या पदराखाली काहीतरी. आत आल्यावर एकेकीने काढलं. एकीने ताट, एकीने चरवी, एकीने पानाचा डबा. आजीने गावात तो गडवा इतक्या जणींना दाखवला होता की त्यांना घरी बसवेना. त्यातल्या एकीने तर नवऱ्याला सांगितलं होतं की डोळ्याच्या डॉक्टरकडे जाते. बाबांच्या मित्रालाही निरोप गेला होता. तेही आले.

आईने तिथेच आंगणात बैठक मारली आणि एकेकीला नाव विचारलं. कोणी मोठ्याने सांगितलं, कोणी लाजत. पानाच्या डब्यावाली म्हणाली, "थोडकं फूल बी काढा बाजूले." आईने फूल काढलं. मग सगळ्यांनाच फूल पाहिजे झालं. मी बाबांना म्हटलं फोटो काढू, आणि बाबा स्वतः सायकलवर जाऊन फोटोग्राफरला घेऊन आले.

खुर्च्या शेजारच्या घरून आणल्या. फोटोग्राफर म्हणाला, पुरुषांनी मधे बसावं. आजी म्हणाली, "ते कायले? त्याहिचे नाव हायेत काय कशावर?" आणि स्वतः एका खुर्चीवर बसून दुसरीवर आईला हात धरून बसवलं. आईला खुर्चीवर बसलेलं मी तोवर फार पाहिलं नव्हतं. तिने शाळकरी मुलासारखी मान ताठ केली. तिच्या हातात स्वतःच्या नावाचं ताट होतं. ते तिने फोटोग्राफर यायच्या पाच मिनिटं आधी घाईत ठोकलं होतं, आणि त्याचा एक काना जरा वाकडा आला होता.

मग सगळे आमच्या घरी जेवले. भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी, उडदाचे वडे. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली सगळ्यांची एकच पंगत. आजीने तीन वडे खाल्ले आणि चौथा पदरात बांधून घेतला.

पुढच्या हंगामात बाबांना एकट्याने दुकान झेपेना. नदीच्या दोन्ही बाजूंनी बायका यायला लागल्या. मुलीच्या आंदणावर मुलीचंच नाव टाका म्हणून सांगायच्या. जुन्या दुकानदारांनी आधी थट्टा केली, मग त्यांनीही नाव टाकणारे ठेवले, पण बायका म्हणायच्या, त्या बाईचं अक्षर पाहिजे. गुंड परत पाठवणारी बाई मात्र पुन्हा कधी आली नाही. तिची सून आली, एकटी. तिने काही जुनं काढलं नाही, आईनेही काढलं नाही. चार डबे घेतले, स्वतःचं नाव टाकून घेतलं आणि गेली.

ती नवरी आईकडून नाव टाकायला शिकली. नदीला पाणी कमी असलं की आठवड्यातून एकदा यायची. आज मूल गावच्या बाजारात तिचं स्वतःचं दुकान आहे, आमच्यापेक्षा मोठं. ती मला अजून "काकूची पोट्टी" म्हणते, माझे केस पिकले तरी.

दोन वर्षांनी बाबांनी शेजारची खोलीही घेतली आणि दुकान मोठं केलं. तोवर पाटीवर बाबांचं नाव होतं. नव्या पाटीसाठी त्यांनी रंगारी बोलावला आणि कोणाला काही न सांगता त्याच्या हातात एक चिठ्ठी दिली. संध्याकाळी आम्ही गेलो तर पाटीवर आईचं नाव, हातभर उंच, निळ्यावर पिवळं. आई रस्त्याच्या मधोमध थांबली. बाबा घाबरून तिच्याकडे पाहत होते, आवडलं की नाही म्हणून.

आई म्हणाली, "वेलांटी चुकली."

खरंच चुकली होती. दीर्घ पाहिजे होती तिथे ऱ्हस्व केली होती. रंगारी म्हणाला, "उद्या करून देतो, बाई." आई म्हणाली, "ब्रश द्या." तिने पदर खोचला आणि सगळ्या बाजारओळीच्या देखत शिडी चढली. समोरचा दुकानदार बाहेर आला. पानवाला बाहेर आला. बाबांनी खालून दोन्ही हातांनी शिडी धरली. आईने श्वास रोखला, वेलांटी पुसली, नवी काढली, आणि एक हात पाटीला टेकवून मागे वाकून पाहिलं.

"आता बरोबर हाये," ती म्हणाली आणि खाली उतरली, कारण दुकानात तीन बायका केव्हापासून उभ्या होत्या.